आविलाची संत तेरेजा : कोरड्या प्रार्थनेची वीस वर्षे

दरवर्षी १५ ऑक्टोबर रोजी ख्रिस्तसभा आविलाच्या संत तेरेजाचा सण पाळते. आपल्या घरांतून व मंदिरांतून तिची जी चित्रे आढळतात, त्यांत तिची दृष्टी ऊर्ध्व लागलेली असते, हाती लेखणी असते आणि मस्तकापाशी पवित्र आत्म्याचे कबुतर असते. रोममधील सांता मारिया देल्ला व्हित्तोरिया ह्या मंदिरात बेर्निनीने १६५२ साली पूर्ण केलेले तिचे संगमरवरी शिल्प तर जगप्रसिद्ध आहे. देवदूताच्या हातातील बाण आणि भावसमाधीत मागे कललेली तेरेजा, हे ते दृश्य होय. ही चित्रे खोटी नाहीत. तो अनुभव तेरेजाने स्वतःच नोंदवून ठेवलेला आहे. परंतु त्यांच्यामुळे भाविकांच्या मनात एक समजूत मात्र रुजून बसली आहे. प्रार्थनेतून देवाचे दर्शन घडणे ही काही निवडक जिवांना जन्मतः लाभलेली देणगी असून तुम्हाआम्हांसारख्या सामान्यांचा तिच्याशी संबंध नाही, अशी ती समजूत आहे.

तेरेजाचे चरित्र तारीखवार तपासले, तर ह्या समजुतीला कोठेही आधार सापडत नाही. विशीत मठात गेलेल्या ह्या स्त्रीला खरी आंतरिक दृष्टी लाभली ती वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. मधली जवळजवळ वीस वर्षे कोरडी, अर्धवट आणि ओढाताणीची होती. त्या वीस वर्षांत काय घडले, ह्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. कारण आपल्यातील बहुतेकांचे जीवन त्या वीस वर्षांसारखे असते.

तेरेजाचा जन्म स्पेनमधील आविला ह्या तटबंदीच्या शहरात २८ मार्च १५१५ रोजी झाला. वडील आलोन्सो सान्चेस दे सेपेदा हे सधन गृहस्थ. आई बेआत्रिस दे आउमादा. ह्या घराण्याची एक बाजू पुढे शतकानुशतके झाकलेली राहिली. तेरेजाचे आजोबा हे तोलेदो शहरातील व्यापारी. यहुदी वंशातून ख्रिस्ती झालेल्या ह्या गृहस्थांना इन्क्विझिशन ह्या धर्मन्यायपीठाने १४८५ साली जाहीर प्रायश्चित्त करायला लावले होते. १९४६ साली उजेडात आलेल्या कागदपत्रांवरून ही गोष्ट सिद्ध झाली. कुळाची शुद्धता सिद्ध केल्यावाचून जेथे मान मिळत नसे, अशा समाजात तेरेजा वाढली. लोक काय म्हणतील, ह्या विचाराचा आपल्या मनावर केवढा पगडा होता, हे तिने आत्मचरित्रात वारंवार लिहिले आहे. त्या कबुलीमागचे कारण ह्या कागदपत्रांमुळे अधिक स्पष्ट होते.

लहानपणी रोद्रिगो ह्या भावाला घेऊन ती मूर लोकांच्या देशात हुतात्मा होण्यासाठी घरातून निघाली होती, ही कथा अनेकांना ठाऊक आहे. तो उत्साह तारुण्यात टिकला नाही. आई वारली, वेशभूषेची व वीरकथांच्या वाचनाची आवड जडली. पुढे ती कार्मेल संघाच्या देहधारण मठात दाखल झाली, तीही वडिलांच्या इच्छेविरुद्ध. मठात दीडशेहून अधिक स्त्रिया राहत होत्या. धनिक घरच्या भगिनींना स्वतंत्र दालने मिळत, गरीब घरच्या सामुदायिक खोलीत झोपत. भेटीच्या दालनात शहरातील प्रतिष्ठितांची सतत ये-जा असे. अन्नाची टंचाई पडली, की भगिनींना काही काळ नातलगांकडे पाठविले जाई. मठात दुराचार नव्हता. पण प्रार्थनेला लागणारा एकांतही नव्हता.

व्रतग्रहणानंतर लवकरच तेरेजाला गंभीर आजाराने गाठले. उपचारासाठी नेत असता वाटेत तिच्या काकांनी फ्रान्सिस्को दे ओसुना ह्या फ्रान्सिस्कन लेखकाचा प्रार्थनेवरील एक ग्रंथ तिच्या हाती ठेवला. मौन प्रार्थनेचा तिचा पहिला गुरू म्हणजे हा ग्रंथ. उपचार मात्र भयंकर ठरले. बेसेदास गावच्या एका वैदूबाईच्या रेचकांनी तिची प्रकृती पार ढासळली. १५३९ सालच्या ऑगस्टमध्ये ती चार दिवस निश्चेष्ट पडून होती. मठात तिच्यासाठी कबर खणून ठेवण्यात आली होती. ती शुद्धीवर आली, तेव्हा मृतांच्या पापण्यांवर ठेवतात ते मेण तिच्या डोळ्यांवर होते. त्यानंतर सुमारे तीन वर्षे ती पंगू होती. हातापायांवर रांगता येऊ लागले, तेव्हा तिने देवाचे आभार मानले.

एवढ्या दुखण्यातून उठलेल्या माणसाची भक्ती पोलादासारखी दृढ होईल, अशी आपली अपेक्षा असते. तेरेजाच्या बाबतीत तसे घडले नाही. भेटीच्या दालनातील गप्पागोष्टींत ती रमू लागली. तिचे बोलणे मोहक होते, लोकांना ती आवडत असे आणि लोकांना आवडणे तिलाही आवडत असे. प्रार्थनेला बसावे, तर मन त्या गप्पांकडे धावे. गप्पांत बसावे, तर प्रार्थनेची आठवण टोचत राही. तिने लिहिले आहे, की तिला ना देवात सुख लाभत होते, ना जगात. प्रार्थनेसाठी ठरविलेला तास केव्हा संपतो, ह्याची ती वाट पाही आणि तिचे कान घड्याळाच्या टोल्याकडे लागलेले असत. अठरा वर्षे हाती ग्रंथ असल्यावाचून प्रार्थनेला बसण्याचे धैर्य तिला होत नसे. पुष्कळदा तो ग्रंथ उघडावाही लागत नसे. पण तो जवळ असला, म्हणजे विखुरलेले मन गोळा होई.

ह्या काळातील एक प्रसंग आम्हांस विशेष बोधप्रद वाटतो. तेरेजाने स्वतःच्या वडिलांना मौन प्रार्थना शिकविली होती आणि वडील तीत तिच्याही पुढे गेले होते. इकडे तेरेजाने मात्र स्वतः ती प्रार्थना सोडून दिली. एक वर्षाहून अधिक काळ ती केवळ नेमून दिलेल्या तोंडी प्रार्थना म्हणत राहिली. वडील भेटीस येऊन प्रार्थनेविषयी बोलू लागले, तेव्हा तिला ते सहन होईना. आपण आता ती प्रार्थना करीत नाही, हे तिने त्यांना सांगितले. कारण मात्र आजारपणाचे दिले. ते खरे कारण नव्हते, असे तिने पुढे आपल्या हाताने लिहून ठेवले. भल्या वडिलांनी त्यावर विश्वास ठेवला आणि त्यांना मुलीची कीव आली.

मग खरे कारण कोणते? आपण इतके अपात्र आहोत, की देवाशी सलगीने बोलण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे तिला वाटू लागले होते. हा विचार वरकरणी किती नम्र दिसतो! परंतु आयुष्यात सैतानाने आपल्यापुढे मांडलेला सर्वांत घातक मोह तोच होता, असा तेरेजाचा निर्वाळा आहे. पापाची लाज वाटून प्रार्थना सोडणे म्हणजे आजार वाढला म्हणून वैद्याचे दार टाळणे होय. १५४३ सालच्या नाताळाच्या सुमारास वडील वारले. त्यांचे पापनिवेदन ऐकणारे डोमिनिकन धर्मगुरू व्हिसेन्ते बारोन ह्यांच्यापाशी तेरेजाने आपली स्थिती उघड केली. त्यांनी तिला दर पंधरा दिवसांनी ख्रिस्तप्रसाद घ्यायला आणि मौन प्रार्थना पुन्हा सुरू करायला सांगितले. तिने ती सुरू केली व पुन्हा कधीही सोडली नाही.

आता परिस्थिती पालटली असावी, असे वाचकांस वाटेल. ती पालटली नाही. पुढील दहा वर्षे ओढाताण तशीच चालू राहिली. फरक पडला तो एवढाच, की तेरेजा आता आपल्या त्याच विस्कळीत मनासह देवापुढे बसत होती. तिच्या लेखी प्रार्थना म्हणजे जो आपल्यावर प्रेम करतो हे आपल्याला ठाऊक आहे, त्या मित्राशी एकांतात वारंवार केलेला संवाद. मित्रापुढे सोंग आणता येत नाही आणि मित्राला वर्षानुवर्षे टाळून मैत्रीही टिकत नाही. सातत्य आणि प्रामाणिकपणा ह्या दोन्ही गोष्टी ह्या एका व्याख्येत आलेल्या आहेत.

१५५४ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, हे धरण फुटले. मठात एका उत्सवासाठी आणून ठेवलेली जखमी ख्रिस्ताची मूर्ती प्रार्थनागृहात शिरताना तिच्या दृष्टीस पडली. ती मूर्तीसमोर कोसळली आणि रडू लागली. प्रभूने आपल्याला कायमचे सामर्थ्य द्यावे, ते मिळेपर्यंत आपण येथून उठणार नाही, असा हट्टच तिने धरला. त्याआधीही तिने पुष्कळदा अशी याचना केली होती. ह्या वेळी वेगळे काय झाले, ह्याचे उत्तर तिने स्वतः दिले आहे : आपला आपल्यावरील विश्वास तोपर्यंत पूर्णपणे उडालेला होता आणि सारा भरवसा देवावर होता. त्याच सुमारास संत आगस्तीनच्या आत्मनिवेदनाचा स्पॅनिश अनुवाद तिच्या हाती आला. बागेत आगस्तीनला ऐकू आलेल्या हाकेचा प्रसंग वाचताना ती हाक आपल्यालाच आहे, असे तिला वाटले.

ही घटना एका दिवसाची खरी. परंतु त्या दिवसाची तयारी वीस वर्षे चालू होती. स्वतःवरचा विश्वास उडायला वीस वर्षांचे अपयश लागले, आणि ते अपयश घेऊन ती रोज देवापुढे बसत राहिली म्हणूनच त्यातून निराशा न उपजता शरणागती उपजली.

यानंतर प्रार्थनेत तिला देवाच्या सान्निध्याचा विलक्षण अनुभव येऊ लागला आणि त्याबरोबर नवे संकट उभे राहिले. काळ संशयाचा होता. कोर्दोव्हा येथील माग्दालेना दे ला क्रूस ह्या मठाधिकारिणीची दर्शने बनावट असल्याचे उघड होऊन १५४६ साली तिला शिक्षा झाली होती. त्यामुळे दर्शने पाहणारी स्त्री म्हटली, की धर्मगुरूंच्या पोटात गोळा येई. तेरेजाने आपली अवस्था साल्सेदो ह्या धर्मशील प्रापंचिकाला व दासा नामक धर्मगुरूला सांगायचे ठरविले. पण तिला शब्द सापडेनात. तेव्हा बेर्नार्दिनो दे लारेदो ह्यांच्या ग्रंथातील आपल्या अनुभवाशी जुळणाऱ्या ओळींखाली तिने रेघा मारल्या आणि तो ग्रंथ त्यांच्या हवाली केला. आपल्या दोषांचे सविस्तर निवेदनही सोबत दिले. दोघांनी निर्णय दिला, की हे सैतानाचे काम आहे.

तिला दिलासा दिला तो दिएगो दे सेतिना ह्या चोविशीतील येशूसंघीय धर्मगुरूने. हा आत्मा देवाचा आहे, प्रार्थना सोडू नको, असे त्याने सांगितले. पुढे एका मार्गदर्शकाने दर्शन होताच तुच्छतेची खूण करून ते झिडकारण्याची आज्ञा तिला केली. तिने ती जिवावर येऊनही पाळली. १५६० साली वृद्ध तपस्वी आल्कांताराचे संत पेद्रो आविलाला आले आणि त्यांच्या निर्वाळ्यानंतरच बरेचसे संशय मावळले. ह्या साऱ्या वर्षांत तेरेजाने कोणत्याही मार्गदर्शकापासून काहीही लपविले नाही. देवापुढे खरे बोलायला शिकलेली ही स्त्री माणसांपुढेही खरेच बोलत होती, मग निकाल विरुद्ध का लागेना.

अर्धवट शिकलेल्या मार्गदर्शकांनी आपले फार नुकसान केले, असे तेरेजाने स्पष्ट लिहिले आहे. खऱ्या विद्वानाने आपल्याला कधी फसविले नाही, असेही तिने जोडले आहे. आम्हां धर्मगुरूंनी हे वाक्य पापनिवेदनाच्या आसनावर बसताना स्मरणात ठेवण्याजोगे आहे. समोरचा जीव आपले अंतःकरण उघडतो, तेव्हा त्याला न समजता दिलेला निकाल वर्षानुवर्षे जाळीत राहतो. आणि समजून दिलेला एक शब्द, तो चोविशीतील तरुणाचा का असेना, त्याला उभे करतो.

प्रार्थनेची वाटचाल समजावून सांगण्यासाठी तेरेजाने बागेच्या शिंपणाचा दृष्टान्त दिला आहे. बागेला पाणी चार प्रकारे मिळते. पहिला प्रकार विहिरीतून पोहऱ्याने पाणी शेंदण्याचा. श्रम फार, पाणी थोडे. दुसरा रहाटाचा, श्रम कमी, पाणी अधिक. तिसरा ओढ्याचे वा नदीचे पाणी पाटाने आणण्याचा. चौथा पावसाचा, तेथे माळ्याला काहीच करावे लागत नाही. वसईच्या वाड्यांतून रहाटाची करकर ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हा दृष्टान्त वेगळा समजावून सांगायला नको. आरंभीची प्रार्थना पोहऱ्याची असते. कधीकधी विहीरच कोरडी असते आणि पोहरा रिकामा वर येतो. अशा वेळी माळ्याने काय करावे? त्याने बागेत थांबावे, असे तेरेजा सांगते. बाग त्याची नव्हे, धन्याची आहे. धन्याला खूश करायला तो आला आहे, फुले आपल्या घरी न्यायला नव्हे. विहिरीत पाणी नसताही माळी कामावर हजर राहिला, तर धनी पाण्यावाचून फुले जगवील.

ह्या तितिक्षेतून तेरेजाला जी अंतर्दृष्टी लाभली, ती तिच्या ग्रंथांतून पाहावयास मिळते. १५५९ साली मुख्य धर्मन्यायाधीश व्हाल्देस ह्यांनी देशी भाषेतील अनेक आध्यात्मिक ग्रंथांवर बंदी घातली. लॅटिन न येणाऱ्या तेरेजाचा आधारच तुटला. तेव्हा आपण तुला जिवंत ग्रंथ देऊ, असे आश्वासन प्रभूने तिला दिले, असे ती नमूद करते. वीस वर्षे ग्रंथ हाती धरून बसणाऱ्या स्त्रीला ग्रंथावाचून चालायला शिकावे लागले. तिने १५६५ साली आत्मचरित्राचे लेखन पूर्ण केले. ते हस्तलिखित १५७५ साली इन्क्विझिशनच्या ताब्यात गेले. त्याची उणीव भरून काढण्यासाठी मार्गदर्शकांच्या आज्ञेवरून २ जून १५७७ रोजी तिने तोलेदो येथे ‘अंतरीचा किल्ला’ हा ग्रंथ लिहावयास घेतला आणि त्याच वर्षी २९ नोव्हेंबर रोजी आविला येथे तो संपविला. आत्मा हा स्फटिकाचा किल्ला आहे, त्यात सात दालने आहेत आणि सर्वांत आतल्या दालनात राजा वसतो, ही त्यातील कल्पना. किल्ल्याचे प्रवेशद्वार कोणते? प्रार्थना. पहिले दालन कोणते? स्वतःची ओळख. स्वतःचे खरे रूप न पाहता कोणीही आत जाऊ शकत नाही. नम्रता म्हणजे सत्यात चालणे, अशी तिने ह्याच ग्रंथात नम्रतेची व्याख्या केली आहे. वडिलांना खोटे कारण सांगणाऱ्या मुलीला हे ज्ञान फुकट मिळालेले नव्हते.

सातव्या दालनात पोहोचलेला आत्मा डोळे मिटून बसून राहतो, असे कोणास वाटेल. तेरेजा नेमके उलट सांगते. ह्या आध्यात्मिक विवाहाचे फळ म्हणजे कर्म. तेथे मार्था आणि मरिया एकत्र नांदतात. तिचे स्वतःचे जीवन ह्याची साक्ष आहे. २४ ऑगस्ट १५६२ रोजी तिने आविला येथे संत योसेफाचा छोटा मठ स्थापन केला. मृत्यूपर्यंतच्या वीस वर्षांत बैलांच्या व खेचरांच्या गाड्यांतून ऊन, पूर, कर्जे आणि खटले सोसत तिने एकूण सतरा मठ उभारले. १५६७ साली मेदिना देल काम्पो येथे तिची क्रुसाच्या संत योहानाशी भेट झाली आणि सुधारणेची चळवळ पुरुषांच्या मठांतही पोहोचली. पोपमहोदयांचे वकील सेगा ह्यांनी तिला भटकी व आज्ञाभंजक स्त्री ठरविले. त्याच स्त्रीला पोप सहावे पौल ह्यांनी २७ सप्टेंबर १९७० रोजी ख्रिस्तसभेची धर्मपंडित म्हणून घोषित केले. हा मान मिळविणारी ती पहिली स्त्री होय.

आल्बा दे तोर्मेस येथे ४ ऑक्टोबर १५८२ च्या रात्री तिने देह ठेवला. त्याच रात्री नवी ग्रेगोरियन दिनदर्शिका लागू झाल्यामुळे दुसरा दिवस १५ ऑक्टोबरचा उजाडला. १२ मार्च १६२२ रोजी तिला संतपद मिळाले. त्याच दिवशी, त्याच सोहळ्यात, ज्यांचे पवित्र अवशेष गोव्यात आहेत ते संत फ्रान्सिस झेवियर हेही संत म्हणून घोषित झाले. तिची अध्यात्मकन्या व पुत्र आपल्या किनाऱ्यावरही आले. पियेर बर्थेलो हा फ्रेंच खलाशी व नकाशाकार गोव्यातील कार्मेल मठात व्रतस्थ झाला आणि दिओनिसियुस ह्या नावाने १६३८ साली सुमात्रा बेटावरील आचे येथे हुतात्मा झाला. मुंबई बेटावरील कॅथोलिकांची धुरा १७२० सालापासून शतकाहून अधिक काळ कार्मेलवासी धर्मगुरूंनी वाहिली. ज्या स्त्रीला घड्याळाच्या टोल्याची वाट पाहावी लागे, तिच्या त्या कोरड्या तासांचे पाणी एवढ्या दूरवर झिरपले.

विसाव्या शतकातील एडिथ स्टाइनचे उदाहरणही येथे द्यावेसे वाटते. यहुदी घराण्यात जन्मलेल्या व श्रद्धा गमावलेल्या ह्या जर्मन तत्त्वज्ञ स्त्रीने १९२१ सालच्या उन्हाळ्यात तेरेजाचे आत्मचरित्र वाचले. १ जानेवारी १९२२ रोजी तिने बाप्तिस्मा घेतला, १९३३ साली ती कोलोन येथील कार्मेल मठात दाखल झाली व ऑगस्ट १९४२ मध्ये आउश्विट्झ येथील छळछावणीत तिचा अंत झाला. सत्याचा शोध घेणाऱ्या विदुषीला एका मठवासिनीच्या कबुल्यांत ते गवसले, ह्याचे आश्चर्य वाटायला नको. तेरेजाने त्या कबुल्यांत काहीच झाकले नव्हते.

लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशूने प्रार्थनेसंबंधी दोन दाखले लागोपाठ दिले आहेत. पहिला न्यायाधीशाच्या दारी पुनःपुन्हा जाणाऱ्या विधवेचा, दुसरा मंदिरात मागे उभे राहून ऊर बडविणाऱ्या जकातदाराचा. पहिला चिकाटीचा आहे, दुसरा खरेपणाचा. हे दोन्ही दाखले एकत्र वाचावयाचे आहेत, असे आम्हांस वाटते. खरेपणावाचून चिकाटी असेल, तर तिचा परूशी होतो. तो नेमाने मंदिरात येतो आणि आला तसाच परत जातो. चिकाटीवाचून खरेपणा असेल, तर तो क्षणिक पश्चात्तापाचा उमाळा ठरतो. तेरेजाच्या जीवनात विधवा आणि जकातदार एकाच गुडघ्यांवर टेकले आणि म्हणूनच किल्ल्याचे दार उघडले.

‘प्रार्थनेत मन लागत नाही’, ‘इतकी पापे केल्यावर कोणत्या तोंडाने देवापुढे उभे राहावे’, असे सांगणारी माणसे प्रत्येक धर्मग्रामात असतात. कोणी जपमाळ बाजूला ठेवलेली असते, कोणी वर्षानुवर्षे पापनिवेदनाला आलेले नसते. त्यांना मोठमोठी पुस्तके सुचविण्याची गरज नाही. तेरेजाने एका वृद्ध भगिनीची हकिकत सांगितली आहे. तिला मौन प्रार्थना मुळीच जमत नसे. ती फक्त ‘हे आमच्या स्वर्गीय पित्या’ ही प्रार्थना म्हणे आणि ते शब्द हरवले, तर आपल्याला काहीच येत नाही, म्हणून कष्टी होई. तिची विचारपूस केल्यावर तेरेजाच्या ध्यानी आले, की त्याच तोंडी प्रार्थनेतून ती शुद्ध ध्यानाच्या उंचीवर पोहोचलेली होती. तेरेजाला तिचा हेवा वाटला.

तेव्हा पोहरा रिकामा आला तरी दोर हातचा सोडू नये. मन लागत नसेल, तर मन लागत नाही, हेच देवाला सांगावे. तीही प्रार्थनाच आहे. लाज वाटत असेल, तर ती लाज घेऊनच त्याच्या पुढ्यात बसावे. पाऊस केव्हा पाडायचा, हे धन्याने ठरवायचे आहे. माळ्याने बागेत असावे, एवढीच त्याची अपेक्षा आहे.